"दुधाचीच दाढ आहे, पडेल" म्हणून किडलेली दाढ तशीच सोडायची का?

मृण्मयी_मुलुंड

आमच्या सोसायटीतल्या आयांच्या ग्रुपवर परवा एकीने विचारलं, "मुलगा ५ वर्षांचा आहे, खालची मागची दाढ किडलीय, डॉक्टर रूट कॅनल आणि स्टीलची कॅप सांगतायत, करू का?" धडाधड उत्तरं आली. "दुधाची दाढ आहे गं, पडणारच", "काढून टाक", "लुटतात हे लोक". पोराला रात्री दुखतं का, एवढंही कुणी विचारलं नाही. मला हा समज घातक वाटतो, म्हणून इथे लिहितेय.

दुधाचे दात २०. पुढचे दात ६-७ वर्षांचं असताना पडतात आणि तेच आपल्याला दिसतात, म्हणून सगळेच लवकर पडतात असं वाटतं. मागच्या दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे या मुलाला त्या दाढेवर अजून ५-७ वर्षं जेवायचंय! शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास तिच्या मागे कायमची पहिली दाढ येते. त्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे कित्येक घरांत तीही दुधाचीच समजतात. पुढची दुधाची दाढ अवेळी काढली की ही कायमची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या उपदाढेची, म्हणजे दुधाच्या दाढेच्या जागी येणाऱ्या कायमच्या दाताची, जागा खाते. मग ती उपदाढ हिरडीत अडकते नाहीतर वाकडी येते. आज वाचवलेले पैसे पुढे तारा लावताना जातात.

माझं मत स्पष्ट आहे. दुधाची दाढ कायमच्या दाढेइतकीच मनावर घ्यायला हवी.

डोंबिवलीकर

मृण्मयीताई, तुमचं सगळं वाचलं, पण पटलं नाही. आमच्या धाकट्याला, वय ६, एका क्लिनिकमध्ये एका बैठकीत तीन रूट कॅनल आणि तीन कॅप सांगितल्या. आकडा ऐकून बायको गप्पच झाली. दातांचं बिल आमच्या मेडिक्लेममध्ये बसत नाही, प्रत्येक खेपेला हाफ डे टाकावा लागतो, आणि एवढं करून ती दाढ शेवटी पडायचीच. मोठ्या मुलीची अशीच दाढ काढली होती. आज तिचे दात सरळ आहेत. तारा तर हल्ली ज्यांची एकही दाढ किडली नाही त्यांनाही लावतात, त्याचा दोष काढलेल्या दाढेवर कशाला?

दाढदुखी_डॉ

मी लहान मुलांचेच दात बघते, म्हणून दोघांनाही उत्तर देते.

डोंबिवलीकर, मुलीचे दात सरळ आले याचा आनंदच आहे. काहींच्या जबड्यात मुळात जागा भरपूर असते, ती मुलं निभावून जातात. पण ते आधी मोजून बघायचं असतं. दाढ काढावीच लागली तर जागा राखणारी पट्टी बसवतात. मागच्या दाढेभोवती स्टीलचं कडं आणि त्याला पुढच्या दातापर्यंत टेकणारा तारेचा फास, एवढंच असतं ते. खालची उपदाढ डोकावली की ती पट्टी काढून टाकतो. तुमच्या मुलीच्या वेळी कुणी हा विषय काढला होता का? बऱ्याच ठिकाणी दाढ काढतात आणि हे सांगतच नाहीत. माझा खरा राग त्यावर आहे.

आता रूट कॅनल. मोठ्यांच्या मुळांत कायम राहणारा मसाला भरतात, मुलांच्यात विरघळणारा. खालून कायमचा दात वर येताना दुधाच्या दाताची मुळं झिजत जातात, त्यांच्याबरोबर तोही विरघळायला हवा. पुष्कळदा तेवढंही लागत नाही. कीड दाढेतल्या नसेपर्यंत पोचली असेल पण मुळांतली नस निरोगी असेल, तर फक्त नसेचा वरचा भाग काढून औषध ठेवतात आणि कॅप बसवतात. कुठल्या दाढेला काय हवं हे एक्स-रेशिवाय कुणीही सांगू नये. तुम्हाला तिन्ही दाढांचे एक्स-रे दाखवले का?

डोंबिवलीकर

एकच काढला होता. बाकी दोन नुसते बघून सांगितले.

दाढदुखी_डॉ

मग आधी दुसरं मत घ्या. मुंबई सेंट्रलला नायरचं दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे मुलांचा वेगळा विभाग आहे आणि खर्च खासगीच्या मानाने अगदी कमी. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढावा लागतो, रांग असते, खेपाही होतात, हे मान्य. काम शिकणारे डॉक्टर करतात, पण वर शिक्षक उभे असतात.

शिवाजीपार्क_आई

पैशाचं बोलून झालं, आता मुलाचं बोलूया? माझी लेक ४ वर्षांची असताना तिला दोघांनी धरून दात कोरला. त्यानंतर पांढरा कोट दिसला की ती थरथर कापायची. डॉक्टरबाई, दाढ वाचवायची म्हणून पोराच्या मनाचं काहीही होऊ दे, हे मला मान्य नाही. अशा वेळी दाढ गेली तरी चालेल असं मी म्हणेन.

पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी किडीवर चांदीचं औषध नुसतं ब्रशने लावलं. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. ना सुई, ना मशीन. कीड जागच्या जागी थांबली. किडलेला भाग कायमचा काळा होतो, पण मागच्या दाढेला कोण बघतंय? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते आवश्यक औषधांच्या यादीत घातलंय. मग ते आधी का सुचवत नाहीत?

दाढदुखी_डॉ

धरून काम करणं मलाही मान्य नाही. चांदीचं औषध मीही वापरते, फक्त नस वाचलेली असेल तरच. आणखी एक पद्धत आहे, स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल या दंतवैद्यांच्या नावाची. दाढांच्या फटीत काही दिवस छोट्या रबरी रिंगा ठेवून जागा करायची, मग न कोरता, सुई न देता, सिमेंट भरलेली स्टीलची कॅप दाबून बसवायची. काही दिवस चावताना उंच लागतं, नंतर जुळतं. आत कोंडलेल्या किडीला खाणं मिळत नाही, ती तिथेच थांबते. पण रात्रीचं दुखणं किंवा हिरडीवर पुळी असेल, तर यातलं काहीच चालत नाही.

गिरगावकर_आजोबा

मुळात कीड लागतेच का, ते बोला. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवायचं, शाळेतून आलं की क्रीमची बिस्किटं, आणि त्यावर फ्लोराइडची पेस्ट. पोरं ती गिळतात. फ्लोराइडने दात पिवळे पडतात हे खेडोपाडी बघितलंय मी. आम्ही राखुंडीने दात घासले, आमचे अजून शाबूत आहेत.

मृण्मयी_मुलुंड

काका, बाटली आणि बिस्किटांबद्दल शंभर टक्के सहमत. रात्री झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दूध दातांवर तसंच राहतं. पण फ्लोराइडचं तुम्ही सांगता ते चंद्रपूर-यवतमाळकडच्या बोअरच्या पाण्याचं. तिथे वर्षानुवर्षं ते पाणी पिऊन दातांवर डाग पडतात. आपल्याकडे महापालिकेचं पाणी तलावांतून येतं. पेस्ट ३ वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे ६ वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी घेतली तर काही होत नाही. पाकिटावर फ्लोराइड १००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग) आसपास लिहिलेलं हवं. ब्रश ७-८ वर्षांपर्यंत आईबापांनीच फिरवायचा, पोराच्या हातात देऊन मोकळं व्हायचं नाही. आणि राखुंडी खरखरीत असते, तिने वरचं आवरण झिजतं.

शिवाजीपार्क_आई, तुमच्या लेकीबद्दल वाचून वाईट वाटलं. तरीही "दाढ गेली तरी चालेल" हे मी म्हणणार नाही. दुखणाऱ्या बाजूने पोर चावत नाही, अर्धा डबा परत आणतं, आपण त्याला खाण्याचे नखरे म्हणतो.

शिवाजीपार्क_आई

आणि मुलगा ९-१० वर्षांचा असेल तर? तेव्हाही कॅपच का?

दाढदुखी_डॉ

नाही. तेव्हा एक्स-रेत खालची उपदाढ वर आलेली दिसली तर दुधाची दाढ मी स्वतः काढते, पट्टीही लावत नाही. वय बघून उत्तर बदलतं. ५ वर्षांच्या मुलाला तेच उत्तर देता येत नाही, माझा मृण्मयीला पाठिंबा आहे तो तेवढ्यासाठी.

डोंबिवलीकर

एक विचारतो. धाकट्याच्या हिरडीवर मध्ये पुळी आली होती, फुटली, आता दुखत नाही. म्हणजे बरं झालं ना?

दाढदुखी_डॉ

नाही हो. पू बाहेर पडायला वाट मिळाली म्हणून दुखणं थांबलं, आतला संसर्ग तसाच आहे. खाली कायमचा दात तयार होतोय, त्याच्या आवरणावर डाग पडू शकतात. केमिस्टकडून अँटिबायोटिक आणून देऊ नका, त्याने दाढेतली मेलेली नस बाहेर येत नाही. गालावर सूज किंवा ताप आला तर त्याच दिवशी न्या.

डोंबिवलीकर

या आठवड्यातच नायरला नेतो. ती एक दाढ वाचत असेल तर वाचवू. बाकीच्या दोन दाढांच्या कॅपला मात्र एक्स-रे बघितल्याशिवाय माझा नकारच आहे, आणि मुलीच्या दाढेबद्दलचं मतही तेच आहे.