गोवे प्रांताचे अधिपती : माधवमंत्री आणि बहादूर गिलानी

प्रश्न – डिचोलीकर
नार्वे येथील श्री सप्तकोटेश्वराचा इतिहास सांगताना आमच्या भागात विजयनगरच्या माधवमंत्र्याचे नाव हटकून घेतले जाते, आणि तोच पुढे विद्यारण्यस्वामी झाला असेही पुष्कळजण सांगतात. हे दोघे एकच का? शिवाय, गोव्यावर नेमलेल्या अशा अधिपतींची घराणी येथे कधी रुजली का? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ – पुराभिलेख
दोघे निश्चितपणे वेगळे आहेत. माधवमंत्री हा चौंडाचा पुत्र, आंगिरस गोत्राचा आणि काशीविलास क्रियाशक्ती या शैव गुरूंचा शिष्य होता. विद्यारण्यांशी ज्यांची सांगड घातली जाते ते माधवाचार्य मात्र मायणाचे पुत्र आणि भारद्वाज गोत्राचे. नावे सारखी, काळ एकच आणि दोघेही ग्रंथकार, म्हणून हा घोळ झाला. विजयनगरचा राजा दुसरा हरिहर याच्या काळात, 1380 च्या सुमारास, माधवाने दख्खनच्या बहामनी सुलतानांकडून गोवे घेतले आणि दिवाडी बेटावर सप्तकोटेश्वराची पुनःस्थापना केली. नार्वे येथील सध्याचे मंदिर पुष्कळ नंतरचे. पोर्तुगीजांनी दिवाडीचे देऊळ पाडल्यावर लिंग नदीपलीकडे आणले गेले आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार करविला.

प्रतिसाद २ – बंदरवाला
घराण्यांविषयी थोडी भर घालतो. विजयनगरला गोवे हवे होते ते मुख्यतः अरबी घोड्यांच्या आयातीसाठी. असे बंदर एखाद्या घराण्याच्या वतनात जाऊ देणे कोणत्याही दरबाराला परवडणारे नव्हते. तो धोका प्रत्यक्षात दिसला बहामनी काळात. बहामनींचा वजीर महमूद गवान याने 1472 मध्ये गोवे जिंकले खरे, परंतु 1481 मध्ये सुलतानाने त्याचाच शिरच्छेद करविल्यावर बिदरची, म्हणजे बहामनी राजधानीची, पकड सैल झाली आणि बहादूर गिलानी या सरदाराने गोवे व दाभोळसह कोकणचा बराच किनारा बळकावला. त्याने गुजरातची जहाजे लुटली, तेव्हा गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने बिदरकडे तक्रार केली. अखेर बहामनी सुलतानाला स्वतः सैन्य घेऊन यावे लागले आणि 1494 मध्ये बहादूर मारला गेला. (जहाजे लुटली नसती, तर कदाचित गिलानी घराणे येथे टिकलेही असते, हे अर्थात माझे मत.)

प्रतिसाद ३ – पुराभिलेख
मताशी बव्हंशी सहमत आहे. मात्र बहादूरच्या पाडावाचा लाभ बिदरला झाला नाही. गोवे विजापूरच्या युसूफ आदिलशहाकडे गेले आणि नोव्हेंबर 1510 मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने ते कायमचे घेतले.