'माय डार्लिंग क्लेमेंटाइन' (१९४६): हातातली प्रत कोणती, आणि चाल माउथ ऑर्गनवर कशी बसवायची?

खोगीर
चित्रपट मंडळात जॉन फोर्डचा 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन' दाखवायचा आहे. डीव्हीडीच्या वेष्टनावर ९९ मिनिटं छापलंय. याद्यांमध्ये ९७ दिसतात, आणि १०३ मिनिटांचीही एक प्रत आहे म्हणे. मग माझ्याकडची कोणती?
दुसरं, चित्रपटाला ज्यावरून नाव मिळालं त्या मूळ गाण्याची चाल खेळाआधी माउथ ऑर्गनवर वाजवायची आहे (दहा छिद्रांचा, सी पट्टी). सुरुवातच तालात बसत नाही.
आणि तिसरं: गाण्यातली क्लेमेंटाइन बुडून मरते, चित्रपटातली तर शेवटपर्यंत धडधाकट असते. मग गाण्यातून घेतलं तरी काय?

रीळवाला
डिस्क पाल पद्धतीची (PAL, युरोप-भारतातली जुनी टीव्ही पद्धत) असेल तर तुमच्याकडे बहुतेक १०३ मिनिटांचीच प्रत आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, पालमध्ये २५ नी. म्हणजे १०३ मिनिटं ९९ मध्ये उरकतात, आणि ९७ ची प्रत ९३ वर येते. ९९ बघून ती ९७ चीच असणार असं धरून चालतात आणि फसतात.

खात्री करायची तर शेवट लावून बघा. नायक वायट अर्प (हेन्री फोंडा) क्लेमेंटाइनचा निरोप घेताना नुसता हात मिळवत असेल, तर ती पूर्वप्रदर्शनाची, म्हणजे १०३ ची प्रत. गालाचं चुंबन घेत असेल तर १९४६ साली थिएटरात लागलेली. तो तुकडा नंतर जोडलेला आहे. फॉक्स स्टुडिओचा निर्मितीप्रमुख डॅरिल झॅनक याने फोर्डची जुळणी (संकलित प्रत) बरीच कापली आणि काही भाग दुसरा दिग्दर्शक लॉइड बेकन याच्याकडून नव्याने चित्रित करून घेतला.

एक मात्र करा, परिचयात १०३ च्या प्रतीला 'दिग्दर्शकाची प्रत' म्हणू नका. फोर्डची मूळ जुळणी आज उपलब्ध नाही. ही त्याच्या जास्त जवळची, एवढंच. तरी दाखवायला मी हीच निवडेन. हिच्यात पार्श्वसंगीत कमी आहे, आणि तो अवघडलेला हात अर्पच्या स्वभावाला शोभतो. चुंबन उपरं वाटतं.

पेटीमास्तर
चाल तीन मात्रांची आहे, पण ती समेवर सुरू होत नाही, तुमची गोची तिथेच होतेय. पहिले दोन 'सा' आधीच्या तिसऱ्या मात्रेत येतात (पहिला जरा लांब, दुसरा आखूड) आणि सम तिसऱ्या 'सा'वर पडते. उभी रेघ म्हणजे सम, टिंब खाली असेल तो स्वर मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला:

सा सा | सा प़ गग | ग सा साग | प प मग | रे – रेग | म म गरे | ग सा साग | रे प़ ऩिरे | सा –

जोडून लिहिलेले दोन स्वर एकाच मात्रेत घ्यायचे, तेही लांब-आखूड असेच. सारखे वाजवलेत तर चालीतला झोका जातो.

छिद्रं: सा ४ फुंकून, ग ५ फुंकून, प ६ फुंकून, रे ४ ओढून, म ५ ओढून, मंद्र प ३ फुंकून, मंद्र नि ३ ओढून.

घोळ सातव्या आवर्तनात होतो. तिसरं छिद्र जोरात ओढलं की त्याची पत्ती वाकते, 'नि' उतरतो आणि शेवटचा 'सा' बेसूर वाटायला लागतो. वाद्यात बिघाड नसतो. जबडा सैल सोडा, जीभ खाली ठेवा, श्वास हलका घ्या. आधी फक्त 'रे प़ ऩिरे सा' घोटा: ४ ओढ, ३ फुंक, ३ ओढ, ४ ओढ, ४ फुंक. मग मागचं जोडा.

गिटार साथीला असेल तर पहिली तीन आवर्तनं सी, चौथं-पाचवं जी सेव्हन, सहावं सी, सातवं जी सेव्हन, आठवं सी. दोन कॉर्डमध्ये गाणं संपतं.

वाळवंटी
तिसऱ्या प्रश्नाबद्दल. नाव आणि चाल, बाकी काहीही नाही. गाणं कॅलिफोर्नियात १८४९ साली सोनं शोधायला गेलेल्या खाणकामगाराच्या मुलीचं. ते सहसा पर्सी मॉन्ट्रोजच्या नावावर देतात, १८८४ सालचं. त्याच धाटणीचं एच. एस. थॉम्पसनचं गाणं १८६३ चं आहे. मूळ गाणं रडक्या गाण्यांची चक्क थट्टा करतं: नऊ नंबरचे पाय, हेरिंग माशांच्या खोक्यांचे जोडे, आणि पोहता येत नाही म्हणून काठावरच उभा राहिलेला प्रियकर. फोर्डने थट्टा गाळली आणि हळहळ तेवढी ठेवली. चित्रपटातली क्लेमेंटाइन परिचारिका आहे. मरते ती सलूनमध्ये गाणारी चिवावा.

परिचयपत्रकात 'सत्यकथा' छापू नका. स्टुअर्ट लेकच्या १९३१ च्या पुस्तकावर हा बेतलाय, आणि ते पुस्तकही फार भरवशाचं नाही. ओके कोरलची चकमक (चित्रपटाच्या शेवटची गोळीबाराची लढत) २६ ऑक्टोबर १८८१ ची, चित्रपटात १८८२ येतं. ती जिथे झाली त्या ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावाचा मार्शल वायटचा भाऊ व्हर्जिल अर्प होता, वायट नव्हे. दुसरा भाऊ जेम्स अर्प चित्रपटात कोवळ्या वयात मारला जातो. प्रत्यक्षात तो वायटहून मोठा, आणि १९२६ पर्यंत जगला. वायटचा साथीदार डॉक हॉलिडे चित्रपटातल्यासारखा शल्यविशारद नव्हे, दंतवैद्य, आणि तो १८८७ मध्ये क्षयाने गेला. आणि टूमस्टोनमधून मॉन्युमेंट व्हॅलीचे सुळके दिसत नाहीत; ते राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहेत.

खोगीर
शेवट हस्तांदोलनाचाच निघाला, डिस्क पालच आहे. नामावलीच्या वेळी कोरस चाल गातो, त्याच्याबरोबरच वाजवलं तर?

पेटीमास्तर
नको. पालच्या वेगाने आवाज जवळजवळ पाऊण अर्धस्वराने चढतो. काही डिस्कवर तो दुरुस्त केलेला असतो, पण नसेल तर कुठल्याच पट्टीचा माउथ ऑर्गन जुळणार नाही. आधी वाजवून घ्या, मग डिस्क लावा.

रीळवाला
आणि प्रक्षेपकाचं झूम बंद ठेवा. चौकट जवळजवळ चौरस आहे, १.३७ ला १. रुंद पडदा भरायला गेलात तर वरचं आकाश आणि टोप्या कापल्या जातील.