मदत हवी आहे: मच्छिमार संस्थेला तलावासाठी मदत करणारी संस्था कोणती?

मीनल_पुणे
नमस्कार. माझे बाबा गावच्या मच्छिमार सहकारी संस्थेचे सचिव आहेत. तलावात वनस्पती इतकी माजली आहे की जाळं टाकायला जागा उरलेली नाही. मत्स्यबीज उधारीवर आणून सोडलं, त्याचेही पैसे निघाले नाहीत. महिनाभर मी संस्थांना मेल करतेय. एकीने इंग्रजीत सीएसआर प्रस्ताव मागितला, दुसरी फक्त समुद्रावर काम करते, तिसरीचं उत्तरच नाही. मासेमारी आणि जलसंवर्धन दोन्ही समजणारी, प्रत्यक्ष गावात येणारी संस्था कोणाला माहीत आहे का? पाऊस लागायच्या आत हवी आहे. कृपया लवकर सांगा.

किनारा
वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेला फोन करा, नाहीतर कोचीच्या सीएमएफआरआयला. माझ्या आतेभावाने पिंजऱ्यातल्या मत्स्यपालनाचं प्रशिक्षण घेतलं, आता खाडीत त्याचं बरं चाललंय. तुम्हीही पिंजरेच लावा.

दप्तरी
कोचीची संस्था समुद्री मासळीची आहे. गोड्या पाण्यासाठी बंगालमधल्या बराकपूरची सिफ्री ही मत्स्यसंशोधन संस्था, 1947 पासूनची. पण तिथवर जायची गरज आहे का तेच कळत नाही. ताई, जिल्हा कोणता? तलाव कोणाच्या मालकीचा? किती एकर? आणि ‘वनस्पती’ म्हणजे नेमकी कोणती? एवढं कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

मुठाकाठ
जलपर्णीच असणार. तिच्यावर निओकेटिना नावाचे भुंगेरे सोडतात, पानं खातात. यंत्राने काढली तर पुन्हा येते. आमच्या नदीचा मला 10 वर्षांचा अनुभव आहे.

मीनल_पुणे
जलपर्णी नाही हो! बेशरम नावाचं झुडूप आहे. साकोली तालुका, भंडारा जिल्हा. 30 एकरांचा मामा तलाव, जिल्हा परिषदेचा, ठेका संस्थेकडे. हे लिहायचं राहिलं, चुकलं माझं.

किनारा
मामा तलाव म्हणजे? कोणाच्या मामांनी बांधला?

दप्तरी
माजी मालगुजारी, त्याचं मामा. मालगुजार म्हणजे गावाचा सारा गोळा करणारे जमीनदार. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत, बरेचसे कोहळी समाजाने बांधलेले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. 100 हेक्टरपर्यंत सिंचन क्षमता असलेले जिल्हा परिषदेकडे. ताई, म्हणजे तुमचा पहिला अर्ज तिथल्या लघु पाटबंधारे विभागात.

शिवारदादा
मग सोपं आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’मध्ये बसवा. जेसीबी लावा, चार दिवसांत बेशरमसकट सगळं साफ. आमच्याकडे शेतकऱ्यांनी स्वतःच्या ट्रॅक्टरने गाळ नेला.

वैनगंगा_पोरगा
दादा, थांबा. मी भंडाऱ्याचाच, घरी पिढ्यान्‌पिढ्या ढीवरकी, म्हणजे मासेमारी. सरसकट खरवडलं की काठाच्या उथळ पाण्यातल्या देशी वनस्पतींचे कंद, बी सगळं गाळाबरोबर शेतात जातं. मग मासा अंडी घालणार कुठं? गाळ मधल्या खोल भागातून काढा, काठाला हात लावू नका.

ताई, तुम्ही शोधताय ती संस्था जवळच आहे: भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ. ढीवर समाजाच्या संस्था आणि बायांचे गट यांच्यासोबत ते तलावावर काम करतात. गोंदियातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात जाऊन ते तलाव बघा. मी एकदा गेलो होतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बेशरम मुळासकट उपटायची, उघडी पडलेली जमीन नांगरायची आणि पाऊस लागला की दुसऱ्या चांगल्या तलावातून आणलेल्या देशी वनस्पती लावायच्या. पाण्याखालच्या वेगळ्या, तरंगणाऱ्या वेगळ्या, काठच्या वेगळ्या. कोणती कुठं लावायची ते तिथल्या बायांना पाठ आहे.

आणि एक, बेशरम कापून तिथंच टाकू नका. आमच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, मी पाळीवर (बांधावर) ढीग रचून ठेवला होता. पहिल्या पावसात कांड्या कांड्याला पांढरी मुळं फुटली, दिवाळीपर्यंत पाळ पुन्हा हिरवी. सगळं लांब नेऊन वाळवा. शेळ्यांनाही खाऊ देऊ नका, विषारी आहे.

मत्स्यमित्र_नगर
एवढी मेहनत कशाला? गवत्या मासा सोडा. गवत खातो, वजनही झपाट्याने धरतो. माझ्या शेततळ्यात उत्तम आला.

वैनगंगा_पोरगा
काका, शेततळं वेगळं. गवत्या बेशरमला तोंड लावत नाही, हायड्रिलासारखी पाण्यातली कोवळी वनस्पती मात्र चट्टामट्टा करतो. म्हणजे लावलेलं सगळं तोच खाणार. हवं ते गेलं, नको ते राहिलं.

मत्स्यमित्र_नगर
पण उत्पन्नाचं काय? देशी मासळीवर संस्थेचा ठेका निघतो का?

दप्तरी
कटला, रोहू, मृगळ वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या तलावात नाही. म्हणून त्यांचं बीज दरवर्षी विकतच घ्यावं लागतं. मरळ, शिंगी ही देशी मासळी तलावातच अंडी घालते, बीजाचा खर्च नाही आणि बाजारात मरळीला भावही जास्त. दोन्ही ठेवा. बोटुकली, म्हणजे बोटाएवढ्या आकाराचं बीज घ्या; जिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, स्वस्त पडतात पण बहुतेक मरतात. तांत्रिक सल्ला हवा असेल तर नागपूरला तेलंखेडीला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे.

पाणपक्षी
गोंदियात सारस पक्ष्यासाठी सेवा संस्था काम करते, त्यांनाही विचारा. तुमच्या तलावावर सारस येतो का? फोटो असल्यास टाका ना.

मीनल_पुणे
सारस मी तरी पाहिलेला नाही, बाबांना विचारते. वैनगंगा दादा, खूप आभार. आत्ताच बाबांशी बोलले. ते म्हणाले, लहानपणी काठाला पांढऱ्या फुलांचं बन होतं, त्यात हात घालून आजी मासे काढायची. हे त्यांनी मला कधी सांगितलंच नव्हतं. आता प्रश्न असा: नांगरायला परवानगी कोणाची? उघड्या पडलेल्या जमिनीवर दोघं जण उन्हाळी धान घेतात, ते अडवतील.

दप्तरी
हेच आधी सांगायचं होतं, खरी अडचण इथंच आहे. ठेका मासेमारीचा असतो, जमिनीचा नाही. लघु पाटबंधारेला लेखी अर्ज, सोबत संस्थेचा ठराव आणि ग्रामसभेचा ठराव. धान घेणाऱ्या दोघांना ग्रामसभेत समोर बसवूनच बोला, मागून नको.

वैनगंगा_पोरगा
आणि सभेला बायांना आणा, जी. आमच्या गावात त्या उठून बोलल्या तेव्हाच ठराव झाला. व्यक्तिगत निरोपात माझा नंबर टाकतो. रविवारी बाबांना घेऊन अर्जुनीला जाऊ, सकाळी सातला निघायचं.

शिवारदादा
ट्रॅक्टर लागला तर सांगा. माझे साडू लाखनीत आहेत, डिझेलवर देतील.