पावसाळ्यातली वेते टाळण्यासाठी कळपात बोकड कधी सोडावा?

प्रश्न (शिरूर, जि. पुणे)

सर्वांस नमस्कार. माझ्याकडे अर्धबंदिस्त पद्धतीने (काही वेळ चराईला, बाकी वेळ गोठ्यात) सांभाळलेल्या चाळीसएक उस्मानाबादी शेळ्या असून बोकड वर्षभर कळपातच असतात, त्यामुळे वेते (शेळ्यांचे विणे) बाराही महिने चालू राहतात. आषाढ-श्रावणात जन्मलेली करडे जगवणे मात्र फार कठीण जाते. गोठ्याची जमीन सतत ओली राहते, करडांना हगवण लागते, पाठोपाठ न्यूमोनिया होतो. शिवाय बकरी ईदच्या बाजारासाठी एकसारख्या वयाचे बोकड एकदम हाती येत नाहीत. बोकड वेगळे बांधून ठरावीक महिन्यांतच शेळ्या भरवाव्यात असा विचार आहे. ते कोणते महिने असावेत, आणि त्यामुळे दोन वर्षांत तीन वेतांचा हिशेब बिघडेल का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (जुन्नर)

शेळीचा गाभणकाळ सरासरी 150 दिवसांचा धरला, तर जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत फळलेल्या शेळ्या नेमक्या जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत वितात. म्हणून जानेवारी ते एप्रिल बोकड कळपापासून दूर ठेवावेत. नुसते दावणीला बांधून उपयोग नाही, शेळ्यांना त्यांचा वासही येऊ नये. मेच्या मध्यावर ते कळपात आणले की एवढ्या दुराव्यानंतर बऱ्याच शेळ्या आठ-दहा दिवसांत माजावर येतात. माज सुमारे 21 दिवसांनी फिरून येतो, त्यामुळे बोकड 45 दिवस ठेवल्यास प्रत्येक शेळीला दोनदा संधी मिळते. ही करडे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत येतात. तेव्हा पाऊस परतलेला असतो, बांधावर पाला असतो आणि शेळीला दूधही चांगले असते.

अडचण आहे ती मे महिन्यातील चाऱ्याची. खंगलेली शेळी नीट माजावर येत नाही आणि जुळ्यांचे प्रमाणही घटते. बोकड सोडण्याआधी दोन-तीन आठवड्यांपासून रोज 200 ते 250 ग्रॅम मक्याचा भरडा हळूहळू वाढवत द्यावा, सोबत सुबाभूळ किंवा शेवरीचा पाला असावा. आपल्या कळपाला दोन बोकड लागतील. त्यांच्या छातीला तेलात कालवलेला गेरू लावल्यास भरलेल्या शेळीच्या पुठ्ठ्यावर तांबडा डाग उमटतो आणि तारीख वहीत लिहिता येते. तीन-चार महिन्यांची नर करडेही वेळीच वेगळी काढावीत, अन्यथा सारे नियोजन तीच मोडतात.

उत्तर (बारामती)

वरील वेळापत्रक योग्य आहे, पण दोन वर्षांत तीन वेतांच्या प्रश्नाला त्यात उत्तर नाही. आठ महिन्यांच्या अंतराने वेत घेतल्यास ऑक्टोबरनंतर जून आणि त्यानंतर फेब्रुवारी येतो, म्हणजे तीनपैकी एक, जूनचे वेत पावसाळ्यात जाणारच. ज्यांच्याकडे जमिनीपासून उंच, फळ्यांच्या फटींतून लेंडी-मूत्र खाली पडणारे मचाण आहे, त्यांनी ते जरूर घ्यावे. मातीच्या गोठ्यात मात्र मी ते सोडून देईन, कारण मेलेल्या करडांचा आणि त्यापायी थकलेल्या शेळीचा खर्च धरला तर ते वेत फायद्याचे ठरत नाही. एक मधला मार्ग आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात व्यालेल्या आणि अंगाने भरलेल्या शेळ्या डिसेंबरच्या उत्तरार्धात भरवल्या, तर त्या मेच्या उत्तरार्धात वितात आणि पाऊस लागेपर्यंत करडे दोन-तीन आठवड्यांची होतात. यासाठी उन्हाळ्यात सावली आणि मुबलक पाणी हवेच. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार करणाऱ्या जिवाणूंच्या रोगाची) लस पावसाळ्यापूर्वी सर्व कळपाला द्यावी. गाभण शेळ्यांबाबत पशुवैद्यकांना आधी विचारावे.

उत्तर (चाकण)

ईदचा विचार करताना लक्षात ठेवावे, की ती दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकते, पावसाळा मात्र जागचा हलत नाही. कुर्बानीसाठी बोकडाचे वर्ष पूर्ण झालेले लागते आणि बाजारात गिऱ्हाईक आधी तोंड उघडून दोन दात (दुधाचे पडून आलेले पुढचे पक्के दात) पाहते. ईद मे महिन्यात येते तोवर आदल्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चचे नर चौदा-पंधरा महिन्यांचे होऊन दोनदाती निघतात, आदल्या ऑक्टोबरचे मात्र सात महिन्यांचेच असतात. ईद मार्चकडे सरकू लागली की फेब्रुवारी-मार्चचे नरही कमी वयाचे पडू लागतील. तेव्हा माझे मत असे, की वेते पाऊस आणि चारा पाहूनच ठरवावीत. ईदसाठी त्यांतले कोणते नर राखायचे आणि कोणते आधी खाटकाला द्यायचे, एवढाच निर्णय दरवर्षी बदलावा.