मदत हवी आहे: आत्याच्या म्युझिकल्सच्या सीडी, बारकोड आणि यादीचा घोळ

नमस्कार मंडळी,

माझी आत्या ३५ वर्षं लंडनला होती, मागच्या वर्षी गेली. तिला वेस्ट एंडच्या, म्हणजे लंडनच्या नाट्यगृहांच्या भागातल्या, म्युझिकल्सचं (संगीत नाटकांचं) जबरदस्त वेड, एखादा प्रयोग आवडला की त्याची सीडी घरी यायचीच. त्या दीडशेच्या वर सीडी आता पुण्यात माझ्याकडे आल्यात आणि आतेबहिणीनं सांगितलंय की आधी नीट यादी कर, मग कुठे द्यायच्या ते ठरवू. मला वाटलं सोप्पंय, मोबाईलनं बारकोड स्कॅन करायचा, नाव आपोआप येईल, झालं. पण तीन रविवार गेले आणि मी जेमतेम वीस सीडींवर आहे.

अडलंय कुठे तर 'द फँटम ऑफ द ऑपेरा'च्या दोन सीडी आहेत, दोन्हींवर तोच पांढरा मुखवटा, कलाकार तेच, पण बारकोड वेगळे. एकावर ०४२२८३१५६३२६ आहे. दुसरीवर दुकानाचं किमतीचं स्टिकर शेवटच्या आकड्यावर आणि निम्म्या रेषांवर घट्ट बसलंय, दिसतात ते फक्त ०४२२८३१२७३२ एवढेच अकरा आकडे. शिवाय पहिलीवर छापलेत बारा आणि ॲप दाखवतं तेरा, पुढे एक शून्य जास्तीचं लावून, ते ठेवायचं का काढायचं?

आणखी एका सीडीच्या बारकोडला चक्क आरपार भोक पाडलंय, ती आत्यानं न्यूयॉर्कहून आणलेली. आणि एकीवर बारकोडच नाही, नुसती पांढरी रिकामी चौकट. नकली असेल का हो? आत्या नकली घेणाऱ्यातली नव्हती म्हणून जिवाला लागलंय. कुणाला यातलं कळत असेल तर प्लीज सांगा.

— भाची_पुणे

प्रतिसाद: जुनी_तबकडी

शून्याचं टेन्शन घेऊ नका. अमेरिकन पद्धतीचा बारकोड, यूपीसी, १२ आकडी असतो, युरोपातला ईएएन १३ आकडी, आणि यूपीसीच्या पुढे एक शून्य लावलं की तो ईएएनमध्ये बसतो. माल एकच. यादीत छापलाय तसा लिहा, शोधताना दोन्ही टाकून बघा.

प्रतिसाद: स्कॅनरवाला

ताई, स्टिकरखालचा आकडा स्टिकर न काढता सांगतो. शेवटचा आकडा हा तपासणीचा असतो, तो आधीच्या अकरावरून निघतो. १ला, ३रा, ५वा असे विषम जागांचे आकडे घ्या: ०+२+८+१+७+२ = २०, त्याची तिप्पट ६०. सम जागांचे ४+२+३+२+३ = १४. बेरीज ७४, पुढचा दशक ८०, फरक ६. म्हणजे ०४२२८३१२७३२६.

आता गंमत बघा, या आकड्यांच्या पोटात कॅटलॉग नंबर लपलाय. सुरुवातीचे ०४२२ सोडा, पुढे ८३१२७३ आणि मग २. सीडीच्या कण्यावर, म्हणजे डबीच्या अरुंद कडेवर, बघा, ८३१ २७३-२ असंच असेल. ही पॉलिग्रॅम या रेकॉर्ड कंपनीची पद्धत, शेवटी १ म्हणजे एलपी, २ म्हणजे सीडी, ४ म्हणजे कॅसेट. तुमच्याकडची ही पूर्ण दोन डिस्कची आवृत्ती, आणि दुसरी, ८३१ ५६३-२, म्हणजे निवडक गाण्यांची एका डिस्कची. रेकॉर्डिंग तेच, १९८६ ला हर मॅजेस्टीज थिएटरला उभ्या राहिलेल्या मूळ लंडन नटसंचाचं, मायकल क्रॉफर्ड आणि सारा ब्राइटमन. अल्बम १९८७ चा.

बारकोड विकायच्या पाकिटाचा असतो, गाण्याचा नाही. दुकानाच्या गल्ल्यावर टिंग व्हावं म्हणून ही सगळी सोय, १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावी पहिल्यांदा स्कॅन झालं ते च्युइंगमचं पाकीट होतं. गाण्याच्या रेकॉर्डिंगला स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक, आयएसआरसी, असतो, तो सहसा कव्हरवर दिसतच नाही.

म्युझिकल्सच्या बाबतीत हे फार लक्षात ठेवायला हवं कारण एकाच खेळाची लंडनच्या संचाची, ब्रॉडवेच्या (न्यूयॉर्कच्या) संचाची, पुनरुज्जीवनाची, वर्धापनदिनाची अशी किती रेकॉर्डिंगं निघतात. 'ले मिझराब्ल' घ्या, लंडनचा संच १९८५ चा, ब्रॉडवेचा १९८७ चा, दोन्हीत नायक जाँ व्हालजाँच्या भूमिकेत कोल्म विल्किन्सनच. नुसतं मुख्य गायकाचं नाव बघून यादी केली तर दोन्ही एकाच ओळीत जातील, म्हणून बारकोडशेजारी संच, शहर आणि साल हे तीन रकाने कराच.

भोक म्हणजे कटआउट. अमेरिकेत न खपलेला माल स्वस्तात काढायचे तेव्हा पूर्ण किमतीत परत करता येऊ नये म्हणून बारकोडला भोक किंवा खाच पाडायचे. सीडी अस्सल आहे. रिकामी चौकट म्हणजे बहुधा अमेरिकन रेकॉर्ड क्लबची प्रत, त्या टपालानं थेट घरी जायच्या, गल्ल्यावर स्कॅन व्हायचंच नाही, म्हणून बारकोड काढून टाकायचे.

भाची_पुणे:

किती आभार मानू! कण्यावर खरंच ८३१ २७३-२ आहे. मग राहवलं नाही, हेअर ड्रायरनं स्टिकर गरम करून हळूच काढलं, खाली ६ च निघाला, मी एकटीच टाळ्या वाजवल्या. रिकाम्या चौकटीवाली आत्याला न्यू जर्सीच्या मैत्रिणीनं भेट दिली होती असं आतेबहीण म्हणते, म्हणजे क्लबचं जुळतंय. अजून एक विचारते, फँटमच्या या डिस्कवर मेड इन वेस्ट जर्मनी आहे आणि बारकोड तर अमेरिकन पद्धतीचा, हे कसं?

स्कॅनरवाला:

सुरुवातीचे आकडे त्या देशात बनवल्याचा पुरावा नसतात, नंबर कुठल्या देशाच्या संस्थेकडून घेतला तेवढंच सांगतात. भारतातल्या बारकोडच्या सुरुवातीच्या ८९० चं पण तेच. पण 'वेस्ट जर्मनी' कामाचं आहे, ऑक्टोबर १९९० ला दोन्ही जर्मनी एक झाले, म्हणजे प्रत साधारण त्याच्या आधीची. तोच बारकोड नंतरच्या छपाईवरही राहू शकतो, म्हणून डिस्कच्या खालच्या बाजूला भोकाभोवती कोरलेला मॅट्रिक्स नंबरही (कारखान्याचा छपाईचा नंबर) उतरवा. तिथे आयएफपीआय (रेकॉर्ड कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) हा कोड बारीक दिसला तर डिस्क १९९४ किंवा नंतरची.

भाची_पुणे:

आजोबांचं भिंग शोधून काढलंय. क्लबवाल्या सीडीचा आतला नंबर आज रात्री बघते आणि इथेच टाकते.