१९७३ ची जेन्सन इंटरसेप्टर विकायला आहे : बघायला जाताना काय तपासू?

सह्याद्री_ते_सेव्हर्न
नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये वूस्टरला राहतो. जवळच्याच एका गावात १९७३ सालची जेन्सन इंटरसेप्टर मार्क थ्री ही जुनी ब्रिटिश गाडी विकायला आहे. गडद निळी, आत करडं चामडं, ७.२ लिटर इंजिन, ऑटोमॅटिक. मालक ३८,००० पौंड सांगतोय. इंजिन गेल्या वर्षी ओव्हरहॉल केलंय, बिलं आहेत, रंगही नवा आहे. एमओटी, म्हणजे गाडीची इथली सक्तीची वार्षिक तपासणी, मात्र बऱ्याच वर्षांत नाही. एवढ्या जुन्या गाडीला ती लागतच नाही, असं त्याचं म्हणणं. मागची ती अख्खी गोलाकार काच बघितली आणि तिथून पाय निघेना. पुढच्या उन्हाळ्यात बाबा येणार आहेत, त्यांना घेऊन स्कॉटलंड फिरायचं मनात आहे. जुनी गाडी आजवर कधी ठेवलेली नाही. आणखी एक : थोडे पैसे वाढवून एफएफच, म्हणजे हिचीच फोर-व्हील ड्राइव्ह बहीण, शोधावी का?

तेलकट_हात
इंजिनाची बिलं आधी बाजूला ठेव. या गाडीत सगळ्यात कमी धास्ती इंजिनाची. क्रायस्लरचं व्ही-एट आहे ते, अमेरिकेत कितीतरी गाड्यांत बसलेलं, भाग आजही मिळतात. टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्सही दणकट.

पैसा खातो तो पत्रा. डिझाइन मिलानच्या तूरिंग कंपनीचं, सुरुवातीच्या बॉड्या इटलीत विन्याले कंपनीकडे झाल्या, मग काम इंग्लंडला, वेस्ट ब्रॉमिचच्या जेन्सन कारखान्यात आलं. बरंचसं हातकाम. त्यामुळे नवा पत्रा आणला तरी तो ठोकून, कापून बसवावा लागतो, आणि मजुरीचे तास वाढत जातात. अशाच एका गाडीचं सिलचं, म्हणजे दरवाजाखालच्या पत्र्याचं, काम मी केलंय. दरवाजाखालची स्टीलची पट्टी बाहेरून आरशासारखी होती; ती काढली तर मागचा पत्रा पापुद्र्यांनी हातात आला. म्हणून पट्टी काढून बघू दे, असं मालकाला स्पष्ट विचार. चाकांच्या कमानी, पुढच्या काचेखालचा भाग, डिकीचा तळ, सगळीकडे लोहचुंबक फिरव. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी. नवा रंग ऐकून मला आनंद होत नाही, काळजी वाटते. वरून कीर्तन, आतून तमाशा नको. रंगाआधीचे, पत्रा उघडा असतानाचे फोटो माग.

एमओटीचं मालक खरं बोलतोय. ४० वर्षांवरच्या, मूळ रूपात फार बदल न केलेल्या गाडीला २०१८ पासून सूट आहे. पण गाडी रस्त्यावर चालवण्याच्या लायकीची ठेवायची जबाबदारी मालकाचीच राहते, आणि स्वखुशीने चाचणी करायला कोणी अडवत नाही. सौद्याआधी करायला सांग. शिवाय नंबर टाकून जुना एमओटी इतिहास सरकारी साइटवर फुकट बघता येतो : आधी गंजाबद्दल काय शेरे होते ते तिथे कळेल.

दोन_जाळ्या
एफएफबद्दल : "थोडे पैसे वाढवून" होणारं ते प्रकरण नाही. १९६६ ते ७१ मध्ये फक्त ३२० बनल्या. फर्ग्युसनची फोर-व्हील ड्राइव्ह आणि डनलॉपची मॅक्सारेट अँटी-लॉक ब्रेक यंत्रणा, जी मुळात विमानांसाठी होती. साध्या गाडीला असं काही मिळायच्या कितीतरी आधी! ओळखायची सोपी खूण म्हणजे पुढच्या चाकामागे हवेच्या जाळ्या दोन असतात, इंटरसेप्टरला एक. माझा जीव आहे त्या गाडीवर, पण पहिलीच जुनी गाडी म्हणून नको घेऊस. तिचे खास भाग मिळवणं फार जिकिरीचं.

लांबचा_रस्ता
बाबांना गाडी आवडेल. लांब पल्ल्यासाठीच बनलेली आहे ती. पेट्रोल मात्र सुपर, म्हणजे ई-फाइव्ह (इथेनॉल जास्तीत जास्त ५ टक्के) भर. २०२१ पासून साधं पेट्रोल ई-टेन (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल) आहे, आणि इथेनॉल जुन्या रबरी नळ्यांना खातं. नळ्या कधी बदलल्या ते विचार. विमा कंपनीशी गाडीची किंमत आधीच ठरवून, त्या किमतीचाच काढ, नाहीतर अपघातानंतर कंपनी स्वतःच्या हिशोबाने किंमत लावते.

सह्याद्री_ते_सेव्हर्न
खूप आभार. मालकाशी बोललो. पट्टी काढायला आधी कुरकुरला, मग शनिवारी ये म्हणाला. फोटो शोधतो म्हणाला.

तेलकट_हात
मग शनिवारी इंजिन गार असताना पोच. तुझ्यासमोर चालू करायला सांग. अर्धा तास चालव, मग सिग्नलवर अडकल्यासारखी उभी ठेवून तापमानाच्या काट्यावर नजर ठेव. एवढं मोठं इंजिन, त्यात बॉनेटखाली जागा कमी, म्हणून ट्रॅफिकमध्ये त्या तापतात. फोटो सापडले नाहीत तर गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नकोस.