कामांच्या यादीसाठी कोणतं अ‍ॅप घेऊ? मदत हवी आहे

मंडळी, लाइट बिलाची तारीख परवा पुन्हा हुकली. चिठ्ठी फ्रिजवरच होती, पण तिच्यावर दुधाचा हिशोब चिकटवलेला! आता यादी फोनवरच ठेवायची.

गूगल कीप वापरून पाहिलं. किराण्याची यादी नवऱ्याबरोबर शेअर करायला झकास, पण कामं वाढली की रंगीत चिठ्ठ्यांची नुसती खिचडी. मायक्रोसॉफ्ट टू डूमधलं 'माय डे' रोज रात्री रिकामं होतं, सकाळी कोऱ्या पाटीवर आजची कामं निवडायची, हे आवडलं. टूडूइस्टची तारीफ ऐकतेय. पैसे भरण्याइतकं खास आहे का?

दर महिन्याच्या 10 तारखेला आपोआप आठवण यावी आणि नवऱ्याचा आयफोन, माझा अँड्रॉइड, दोन्हींवर चालावं, एवढंच हवंय. तुमच्यापैकी कोणी एकच अ‍ॅप वर्षभर नेटाने वापरलंय का? कोणतं?